2018 चा एनबीए ड्राफ्ट, नीट तपासून: उंचीमागे धावलेले संघ आणि हातून सुटलेले गार्ड

एनबीए ही उत्तर अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग, आणि ड्राफ्ट म्हणजे तिच्या संघांनी ठरलेल्या क्रमाने नवे खेळाडू निवडायचा वार्षिक कार्यक्रम. 21 जून 2018 ला ब्रुकलिनच्या बार्कलेज सेंटरमध्ये पहिली सात नावं पुकारली गेली ती अशी: डिआंड्रे एटन, मार्विन बॅगली, लुका डोंचिच, जॅरेन जॅक्सन ज्युनियर, ट्रे यंग, मो बाम्बा, वेंडेल कार्टर ज्युनियर. सातांपैकी पाच जण बास्केटजवळ खेळणारे उंच खेळाडू. आता याच वर्गातले सर्वांत भारी आक्रमक खेळाडू बघा. तिसऱ्या क्रमांकाचा डोंचिच, पाचवा यंग, अकरावा शे गिल्जस-अलेक्झांडर आणि थेट तेहेतिसावा जेलन ब्रन्सन. चौघांचंही काम एकच, गार्डचं, म्हणजे चेंडू हातात घेऊन संघाचा खेळ चालवणं. ही तफावत नशिबावर ढकलता येत नाही. त्या रात्री बहुतेक संघांनी उंची आणि ‘आपल्या संघात कुठली जागा रिकामी आहे’ या दोन गोष्टींना, खेळाडूने आधीच करून दाखवलेल्या कामापेक्षा जास्त किंमत दिली.

पुढे प्रमुख निवडींना दहापैकी गुण दिलेत. ते कसे दिलेत ते आधी सांगायला हवं, कारण ड्राफ्टचे बहुतेक निकाल इथेच फसतात. पहिली गोष्ट, तुलना फक्त आवाक्यातल्या खेळाडूंशी. दुसऱ्या क्रमांकाच्या संघाने तेहेतिसाव्या क्रमांकाचा ब्रन्सन घेतला नाही म्हणून त्याला झोडपण्यात अर्थ नाही. ब्रन्सनला जवळपास सगळ्यांनीच सोडलं होतं. त्यामुळे प्रत्येक निवडीच्या पुढच्या आठ-दहा नावांत कोण होतं एवढंच पाहायचं. दुसरी गोष्ट, मुदत चार वर्षांची. पहिल्या फेरीतल्या खेळाडूचा करार ठरलेल्या दरपत्रकाने होतो: पहिली दोन वर्षं पक्की, तिसरं आणि चौथं संघाच्या मर्जीवर, आणि त्यानंतरही दुसऱ्या संघाने दिलेल्या प्रस्तावाशी बरोबरी करून खेळाडू राखायचा हक्क. म्हणजे संघ खरं तर चार वर्षांचा स्वस्त करार आणि पुढचा पहिला हक्क विकत घेत असतो. खेळाडू सातव्या वर्षी दुसरीकडे चमकला तर ते श्रेय निवडणाऱ्याला पूर्ण देता येत नाही. तिसरी गोष्ट, त्या रात्री काय माहीत होतं. पायाचं हाड पुढे मोडणार हे कुणाला कळत नाही. पण खेळाडू बचावात कच्चा आहे हे व्हिडिओत दिसत असेल, तर नंतर ‘दुर्दैव’ म्हणता येत नाही.

आकड्यांबद्दल एक सावधगिरी. ‘विन शेअर्स’ हे माप संघाच्या विजयांतून वाटे पाडतं आणि बास्केटजवळून सोपे गुण करणाऱ्या, रिबाउंड (हुकलेल्या फटक्यानंतर उसळलेला चेंडू) गोळा करणाऱ्या उंच खेळाडूंना झुकतं माप देतं. ‘व्हीओआरपी’, म्हणजे सहज मिळणाऱ्या बदली खेळाडूपेक्षा किती जास्त उपयोग झाला याचं माप, खेळलेल्या मिनिटांबरोबर साठत जातं, त्यामुळे जखमी खेळाडूचा दर्जा आणि त्याची अनुपस्थिती त्यात एकत्र मिसळते. नुसती गुणांची सरासरी तर सर्वांत फसवी. कमकुवत संघात कुणीतरी बास्केट टाकणारच, आणि नवख्याला तिथे भरपूर मिनिटं मिळतात. 2018-19 च्या नवोदितांच्या पहिल्या सर्वोत्तम पाचांत एटन, बॅगली, डोंचिच, जॅक्सन आणि यंग हे पहिले पाचही जण होते. तेवढ्यावर निकाल दिला असता तर ड्राफ्ट अगदी क्रमाने बरोबर ठरला असता.

फिनिक्सपासून सुरुवात. 21 विजय, 61 पराभव अशा सर्वांत वाईट मोसमानंतर लॉटरीतही (तळातल्या संघांमध्ये वरचे क्रमांक वाटणारी सोडत) पहिला क्रमांक मिळाला आणि त्यांनी अॅरिझोना विद्यापीठाचा एटन घेतला. कॉलेजात त्याची सरासरी 20.1 गुण आणि 11.6 रिबाउंड होती, शरीर तयार होतं, चेंडू अलगद झेलणारे हात होते. निवड वेडगळ नव्हती. पण फिनिक्सने नुकताच नेमलेला प्रशिक्षक इगोर कोकोशकोव्ह हाच 2017 च्या युरोबास्केट विजेत्या स्लोव्हेनियाचा प्रशिक्षक होता, आणि त्या संघात डोंचिच खेळला होता. इतर संघांना डोंचिचबद्दल जो अंदाज बांधावा लागत होता, त्याची पहिल्या हाताची माहिती यांच्या घरात होती. शिवाय 2018 मध्येच, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्याने रेआल माद्रिदकडून युरोलीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सर्वोच्च स्पर्धा, जिंकून स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू हा किताब मिळवला होता. ही स्पर्धा अमेरिकन कॉलेजच्या स्पर्धेपेक्षा कितीतरी कठीण. तिथे समोर तिशीतले व्यावसायिक असतात.

एटनने फिनिक्सला काहीच दिलं नाही असं मात्र नाही. 2021 च्या अंतिम फेरीपर्यंतच्या वाटचालीत तो भक्कम खेळला. ख्रिस पॉल आणि डेव्हिन बुकर यांच्यासाठी पडदा लावायचा (त्यांच्या बचावपटूच्या वाटेत उभं राहून त्याला अडवायचं), बास्केटकडे धावायचं, आलेला चेंडू आत टाकायचा, हे काम त्याने चोख केलं. अडचण अशी की हे काम दुसऱ्याने चेंडू पोहोचवल्यावरच होतं. 2021 मध्ये करारवाढीवर एकमत झालं नाही, 2022 मध्ये इंडियानाने 13.3 कोटी डॉलरचा प्रस्ताव दिला, फिनिक्सने त्याची बरोबरी केली आणि सप्टेंबर 2023 मध्ये त्याला पोर्टलंडला देऊन टाकलं. दहापैकी पाच. पहिल्या क्रमांकाला पाच गुण म्हणजे चांगला निकाल नव्हे.

सॅक्रामेंटोची निवड मात्र या ड्राफ्टमधली सर्वांत मोठी चूक, आणि ती सविस्तर पाहण्याजोगी आहे. लॉटरीत हा संघ सातव्या जागेवरून उडी मारून दुसऱ्या क्रमांकावर आला होता. गार्डच्या जागी आदल्या वर्षी पाचव्या क्रमांकावर घेतलेला डिअॅरन फॉक्स होता. ‘आपल्याकडे गार्ड आहे, उंच खेळाडू हवा’ या हिशोबाने ड्यूकचा बॅगली घेतला गेला. कॉलेजातली त्याची सरासरी 21 गुण आणि 11.1 रिबाउंड, उडी आणि दुसऱ्यांदा उडी मारण्याचा वेग विलक्षण. पण त्याच मोसमात ड्यूकने खेळाडूला-खेळाडू बचाव सोडून झोन बचाव, म्हणजे प्रत्येकाने ठरावीक जागा राखायची पद्धत, धरला होता. बॅगली आणि कार्टर हे दोन उंच खेळाडू एकत्र असताना पडद्यांविरुद्धचा बचाव जमत नव्हता, हे त्यामागचं मोठं कारण. एनबीएमध्ये जवळपास प्रत्येक हल्ला पडदा आणि त्याभोवतीच्या हालचालीवर चालतो. म्हणजे जे काम उंच खेळाडूला दर रात्री चाळीस-पन्नास वेळा करावं लागणार, तेच काम कॉलेजने त्याच्याकडून काढून घेतलं होतं. हे कुठल्याही गुप्त अहवालात नव्हतं. सामन्यांत दिसत होतं.

पुढे दुखापती आल्या: पहिल्या वर्षी 62 सामने, दुसऱ्या वर्षी फक्त 13, तिसऱ्या वर्षी 43. दुखापतींचा दोष निवडणाऱ्याला देत नाही. पण तो मैदानावर असतानाही प्रश्न तोच राहिला, की बचावात तो कुणाला सांभाळणार? बास्केटखाली खेळणारा सेंटर म्हणून ताकद कमी पडायची, थोडं बाहेर खेळणारा फॉरवर्ड म्हणून लांबून मारायचा तीन गुणांचा फटका भरवशाचा नव्हता. फेब्रुवारी 2022 मध्ये चार संघांच्या व्यवहारात तो डेट्रॉइटला गेला. बदल्यात सॅक्रामेंटोला जे खेळाडू मिळाले त्यांत मुख्य होता डाँटे डिव्हिन्सेंझो, म्हणजे याच ड्राफ्टमधला सतरावा खेळाडू, आणि त्याच उन्हाळ्यात तोही गोल्डन स्टेटला निघून गेला. बाकावरून कामाला येणारा ट्रे लाइल्स तेवढा उरला. दुसऱ्या क्रमांकाच्या निवडीचा माग काढत गेलं की शेवटी हातात राखीव फॉरवर्ड येतो. दहापैकी एक, आणि तो एक गुण पहिल्या वर्षाच्या खेळासाठी.

‘फॉक्स होता म्हणून डोंचिच नको’ हा युक्तिवाद तेव्हाही टिकणारा नव्हता. फॉक्स वेगाचा गार्ड, डोंचिच सहा फूट सात इंचांचा, संथ लयीत खेळणारा. चेंडू नसताना फॉक्सने काय करायचं हा प्रश्न खरा होता, पण तो प्रशिक्षकाने सोडवायचा असतो. बॅगली आणि डोंचिच या एकोणीस वर्षांच्या दोन खेळाडूंपैकी जास्त गुणवान कोण हे ठरवणं व्यवस्थापनाचं काम.

तिसऱ्या आणि पाचव्या क्रमांकाची अदलाबदल सगळ्यांना पाठ आहे. अटलांटाने डोंचिच निवडून डॅलसला दिला, बदल्यात पाचव्या क्रमांकाचा यंग आणि डॅलसची 2019 ची पहिल्या फेरीतली निवड घेतली. त्या निवडीवर पहिल्या पाच क्रमांकांचं संरक्षण होतं, म्हणजे ती पहिल्या पाचांत आली असती तर डॅलसकडेच राहिली असती. ती दहावी निघाली आणि तिच्यातून कॅम रेडिश आला. इथे अटलांटावर होणारी टीका थोडी बेहिशेबी वाटते. यंग कुठलाही अंधारातला डाव नव्हता. 2017-18 मध्ये ओक्लाहोमाकडून खेळताना त्याने गुण आणि असिस्ट (सहकाऱ्याला गुण मिळवून देणारे पास) या दोन्हींत संपूर्ण कॉलेज बास्केटबॉलमध्ये पहिला क्रमांक पटकावला होता, 27.4 आणि 8.7. असा पराक्रम त्याआधी कुणी केला नव्हता. अटलांटाने उंच खेळाडूमागे न धावता गार्डच घेतला, आणि 2021 मध्ये त्या गार्डने त्यांना पूर्व विभागाच्या अंतिम फेरीत नेलं. चार वर्षांच्या मुदतीत एवढं देणारा खेळाडू पाचव्या क्रमांकावर मिळाला तर एरवी आपण त्या संघाची पाठ थोपटतो.

तरी व्यवहार चुकलाच, आणि चूक कुठे झाली ते नेमकं सांगता येतं. सगळ्यांत वरच्या दर्जाचा खेळाडू देऊन त्या खालचा एक आणि एक अनिश्चित निवड घेतली की, दोन बऱ्या गोष्टींची बेरीज एका थोर खेळाडूइतकी व्हावी अशी आशा धरावी लागते. बास्केटबॉलमध्ये ती बेरीज होत नाही, कारण मैदानावर एका वेळी पाचच जण असतात आणि चेंडू एकच. फुटबॉलसारख्या अकरा जणांच्या खेळात ती कदाचित जमेल. यंगच्या बचावातली उणीवही उंचीमुळे कायमची होती. त्याच्याभोवती चार चांगले बचावपटू लागणार आणि ते शोधायला पैसा लागणार, हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं. केविन हर्टरला एकोणिसाव्या क्रमांकावर घेऊन अटलांटाने त्या रात्रीची थोडी भरपाई केली. 2021 मध्ये फिलाडेल्फियाविरुद्धच्या निर्णायक सातव्या सामन्यात त्याने 27 गुण केले. सगळं मिळून दहापैकी सहा.

डॅलसला या व्यवहाराचे दहापैकी दहा. पुढचा मोसम साधारण जाईल आणि दिलेली निवड फार वरची निघणार नाही हा अंदाज बरोबर आला, संरक्षणाची अट शहाणपणाची होती, आणि किंमत एक मधली निवड. डोंचिच 2019 चा सर्वोत्तम नवोदित ठरला, 2020 पासून सलग पाच वर्षं लीगच्या पहिल्या सर्वोत्तम पाचांत आला, 2024 ला संघ अंतिम फेरीत पोहोचला. फेब्रुवारी 2025 मध्ये त्याला लॉस एंजेलिस लेकर्सला देऊन टाकण्याचा निर्णय वेगळा. त्याचे गुण-दोष या खात्यात मांडायचे नाहीत.

मेम्फिसचा जॅक्सन हा उंच खेळाडूंमधला सर्वांत अचूक निर्णय. मिशिगन स्टेटमध्ये त्याला जेमतेम 22 मिनिटं मिळायची, गुण 10.9 च, पण तेवढ्यात तीन ब्लॉक (अडवलेले फटके) आणि तीन गुणांच्या फटक्यात जवळपास 40 टक्के यश. मिनिटांच्या हिशोबाने पाहणाऱ्याला हा बॅगलीपेक्षा उजवा दिसायलाच हवा होता. 2023 चा सर्वोत्तम बचावपटू. फाउल करण्याची खोड आणि कमी रिबाउंड या दोन्ही गोष्टी कॉलेजातही होत्या, पुढेही राहिल्या. आठ गुण.

सहाव्या क्रमांकावर ऑरलँडोने घेतलेला बाम्बा म्हणजे मोजपट्टीने केलेली निवड. हात पसरले की सात फूट दहा इंच. ड्राफ्टपूर्वीच्या चाचणी शिबिरात तोवर नोंदलं गेलेलं सर्वांत मोठं माप. पण उभं राहून फटका अडवणं आणि पडद्यामागून येणाऱ्या गार्डसमोर पावलं हलवणं ही दोन निरनिराळी कौशल्यं आहेत. शिकागोने लगेच पुढे घेतलेला कार्टर मार्च 2021 मध्ये व्यवहारातून ऑरलँडोलाच आला आणि बाम्बाच्या पुढे सुरुवातीच्या पाचांत बसला, यापेक्षा स्पष्ट निकाल कोणता हवा? क्लीव्हलँडचा कॉलिन सेक्स्टन गुण करणारा, पण सहकाऱ्यांना खेळवणारा नाही, ठीक.

न्यूयॉर्कची नववी निवड, केविन नॉक्स, अधिक बोचते. नॉक्स केंटकीचा, आणि गिल्जस-अलेक्झांडरही केंटकीचाच. एकाच संघाचे सामने पाहायला गेलेल्या निरीक्षकांसमोर दोघेही होते. शे मोसमाच्या सुरुवातीला बाकावरून यायचा, पण शेवटी आग्नेय परिषदेच्या, म्हणजे केंटकीच्या कॉलेज गटाच्या, स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. म्हणजे मोसमाचा आलेख कुठे चढत होता ते दिसत होतं. नॉक्सची उंची आणि सराव-शिबिरातले फटके पाहून त्याला घेतलं. लीगमध्ये त्याचे फटके बास्केटमध्ये गेले नाहीत, आणि फटका न जमणाऱ्या, पास न देणाऱ्या, बचावात अडखळणाऱ्या फॉरवर्डला जागा उरत नाही. दोन गुण.

दहावा क्रमांक हा प्रक्रियेतल्या गोंधळाचा नमुना. फिलाडेल्फियाने मिकाल ब्रिजेस निवडला. फिलाडेल्फियाचाच मुलगा, व्हिलानोव्हाकडून दोन विजेतेपदं, शेवटच्या मोसमात तीन गुणांच्या फटक्यात 43.5 टक्के यश, आणि बचावात विंगवरच्या, म्हणजे मैदानाच्या कडेने खेळणाऱ्या, कुणालाही धरू शकणारा. जोएल एम्बीड आणि बेन सिमन्स यांच्या शेजारी याहून नेमका खेळाडू सापडणं अवघड. थोड्याच वेळात त्यांनी त्याला फिनिक्सला देऊन सोळाव्या क्रमांकाचा झायर स्मिथ आणि मायामीची 2021 ची निवड घेतली. संघाच्या प्रमुख व्यवस्थापकाने दोनच आठवड्यांपूर्वी राजीनामा दिला होता आणि कारभार प्रशिक्षक ब्रेट ब्राउन हंगामी पाहत होते. स्मिथचा पाय ऑगस्टमध्ये मोडला, पाठोपाठ अन्नाच्या अॅलर्जीने तो गंभीर आजारी पडला, आणि फिलाडेल्फियासाठी तो एकूण 13 सामने खेळला. त्या दुखण्यांचा दोष संघाला नाही. दोष असा की जिंकायला तयार असलेल्या संघाने आजच उपयोगी पडणारा खेळाडू देऊन तीन वर्षांनंतरचा अंदाज घेतला. फिलाडेल्फियाला दोन, फिनिक्सला नऊ. मिकाल वर्षानुवर्षं एकही सामना न चुकवता खेळला, 2021 च्या अंतिम फेरीत सुरुवातीच्या पाचांत होता, आणि 2023 मध्ये केविन ड्युरँटसाठीच्या व्यवहारातला मोठा हिस्सा ठरला. फिनिक्सच्या पहिल्या क्रमांकापेक्षा दहावा क्रमांकच जास्त कमावता निघाला.

आता लॉस एंजेलिस क्लिपर्स. एकाच रात्री त्यांनी सर्वोत्तम आणि जवळपास सर्वांत वाईट निवड केली. बारावा क्रमांक आणि दुसऱ्या फेरीतल्या दोन निवडी देऊन शार्लटकडून अकरावा घेतला. मिळाला शे गिल्जस-अलेक्झांडर. एक पायरी वर चढायला दोन किरकोळ निवडी, एवढीच किंमत. शे पहिल्याच वर्षी सगळे 82 सामने खेळला आणि गोल्डन स्टेटविरुद्धच्या प्लेऑफमध्ये, म्हणजे मोसमानंतरच्या बाद फेरीत, उभा राहिला. लगेच पुढच्या, तेराव्या क्रमांकावर मात्र जेरोम रॉबिन्सन, आणि चौदाव्यावर मायकल पोर्टर ज्युनियर अजून शिल्लक. रॉबिन्सनचा लीगमध्ये जम बसलाच नाही. जुलै 2019 मध्ये पॉल जॉर्जसाठी शे, डॅनिलो गॅलिनारी, पहिल्या फेरीतल्या पाच निवडी आणि दोन अदलाबदलींचे हक्क (वरची निवड आपल्याकडे घ्यायची मुभा) ओक्लाहोमा सिटीला गेले. 2025 मध्ये शे लीगचा सर्वोत्तम खेळाडू, अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडू आणि विजेता झाला. निवडीचं श्रेय क्लिपर्सचं, घडवण्याचं ओक्लाहोमा सिटीचं.

शार्लटने बदल्यात माइल्स ब्रिजेस घेतला. गुण करणारा फॉरवर्ड, खेळाडू म्हणून वाईट नाही. पण त्यांचा गार्ड केंबा वॉकर याचा करार 2019 ला संपणार हे कागदावर लिहिलेलं होतं. वर्षभरात तो बॉस्टनला गेला आणि ज्या जागेसाठी शे हातात होता तीच जागा रिकामी झाली. संघाची गरज पाहून निवडायचं असेल, तर आजची नाही, दोन वर्षांनंतरची गरज पाहावी.

डेन्व्हरचा चौदावा क्रमांक धैर्याचा. मोसमाच्या शेवटच्या, ब्याऐंशीव्या सामन्यात मिनेसोटाकडून जादा वेळेत हरल्यामुळेच ते लॉटरीत आले होते. पोर्टर शाळकरी वयात देशातल्या पहिल्या खेळाडूंत गणला जायचा, पण पाठीच्या शस्त्रक्रियेमुळे मिझुरीत तीनच सामने खेळला. डेन्व्हरकडे योकिच आणि मरे हे संघ वाहणारे खेळाडू आधीच होते, म्हणून एक अख्खं वर्ष त्याला न खेळवता बरं होऊ देणं त्यांना परवडलं. तळातल्या संघाला ते परवडलं नसतं. तिथे चाहते आणि मालक पहिल्या महिन्यातच विचारतात. 2023 च्या विजेतेपदात तो सुरुवातीच्या पाचांत होता. पाठीने नंतरही त्रास दिलाच, म्हणून आठ.

विसाच्या पुढच्या निवडींत पोर्टलंडचा अँफर्नी सायमन्स (24) आणि बॉस्टनचा रॉबर्ट विल्यम्स (27) उत्तम. गोल्डन स्टेटचा जेकब इव्हान्स (28) वाया गेला, आणि तो वाया जाण्याचं दुःख पुढच्या काही क्रमांकांमुळे वाढतं.

कारण तेहेतिसाव्यावर डॅलसने ब्रन्सन घेतला. व्हिलानोव्हाकडून दोन विजेतेपदं आणि 2018 चा देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू. तरी उंची कमी, वय जवळपास 22, उडी सामान्य, म्हणून पहिली फेरी त्याच्याशिवाय संपली. व्हिलानोव्हाचे त्याचे तीन सहकारी, मिकाल, डिव्हिन्सेंझो आणि ओमारी स्पेलमन, त्याच्या आधी गेले. पायाच्या कामाने आणि थांबून वळण्याच्या कौशल्याने गुण करणारा गार्ड उडीवर अवलंबून नसतो, हे मोजण्याचं कोष्टक संघांकडे नव्हतं.

निवडीला दहा, करार सांभाळण्याला दोन. दुसऱ्या फेरीला दरपत्रक लागू नव्हतं. तीन वर्षांचा करार केला तर शेवटी बरोबरी करून राखण्याचा हक्क राहतो. चार वर्षांचा केला तर एक स्वस्त वर्ष जास्त मिळतं, पण खेळाडू पूर्ण मोकळा होतो. डॅलसने चार वर्षांचा केला. करारवाढीची नियमाने बसणारी कमाल रक्कम चार वर्षांना साधारण 5.5 कोटी डॉलर होती. ती वाढ झाली नाही, आणि 2022 मध्ये ब्रन्सन 10.4 कोटींवर न्यूयॉर्कला गेला. डॅलसच्या हाती काही लागलं नाही. न्यूयॉर्कने त्याच ड्राफ्टमध्ये छत्तिसाव्या क्रमांकावर घेतलेला मिचेल रॉबिन्सनही 2022 लाच मोकळा झाला होता. त्याला त्यांनी 6 कोटींवर राखलं. कॉलेजात एकही सामना न खेळलेला हा सेंटर नॉक्सपेक्षा कैक पटींनी उपयोगी ठरला.

बेचाळिसाव्या क्रमांकाचा ब्रूस ब्राउन डेट्रॉइटने बरोबर हेरला आणि मग सोडला. नोव्हेंबर 2020 मध्ये त्यांनी त्याला ब्रुकलिनला दिलं. बदल्यात आला झानान मुसा, म्हणजे याच ड्राफ्टमध्ये ब्रुकलिनने एकोणतिसाव्यावर घेतलेला आणि न जमलेला खेळाडू, आणि सोबत दुसऱ्या फेरीतली एक निवड. आपली चुकलेली निवड देऊन दुसऱ्याची बरोबर निवड घ्यायचा हा व्यवहार ब्रुकलिनने साधला. ब्रूस ब्राउन 2023 मध्ये डेन्व्हरच्या विजेत्या संघात पोर्टरच्या शेजारी खेळत होता.